बेसबॉल, हौशी : निवास व हद्दविषयक नियम

गावाच्या, शहराच्या अगर वस्तीच्या नावाने उतरणाऱ्या हौशी बेसबॉल संघात कोणास खेळता यावे, हे खेळाडूच्या राहत्या घरावरून ठरविणारे नियम. त्यांत सामान्यतः तीन गोष्टी येतात : संघाची किंवा लीगची नकाशावर आखलेली हद्द, त्या हद्दीत खेळाडूचे (तो अल्पवयीन असल्यास त्याच्या पालकांचे) वास्तव्य असल्याचा पुरावा आणि या दोहोंतून मिळणाऱ्या सवलती. व्यावसायिक बेसबॉलमध्ये संघाचे नाव शहराचे असले, तरी खेळाडू करारबद्ध नोकर असतो व तो कोठून आला हा प्रश्न उद्‌भवत नाही. हौशी खेळात मात्र संघ हा त्या ठिकाणच्या लोकांचा प्रतिनिधी मानला जातो आणि म्हणून ‘आपला’ कोण व ‘परका’ कोण हे कागदावर ठरवावे लागते. वरकरणी हा विषय कार्यालयीन तपशिलाचा वाटतो. परंतु अमेरिकेची संयुक्त संस्थाने, तैवान, फिलिपीन्स व जपान या देशांत त्यावरून निर्माण झालेल्या वादांत वर्णभेद, राष्ट्रीय प्रतिष्ठा आणि मुलांच्या पदरी पडलेली मानहानी गुंतलेली आहे.

निवासाच्या अटीची कल्पना बेसबॉलमध्ये प्रथम आली असे नाही. इंग्लंडमधील परगण्यांच्या क्रिकेटमध्ये चांगले खेळाडू एकाच हंगामात दोन-दोन परगण्यांकडून खेळत. त्यास आळा घालण्यासाठी १८७३ मध्ये नियम करण्यात आला. त्यानुसार खेळाडूने जन्माचा परगणा किंवा दोन वर्षे वास्तव्य केलेला परगणा यांपैकी एकाची निवड हंगामाच्या आरंभी करावयाची असे. अमेरिकेत त्याआधीच, १८५७–५८ च्या सुमारास न्यूयॉर्क परिसरातील क्लबांनी एकत्र येऊन बेसबॉलची राष्ट्रीय संघटना स्थापन केली, तेव्हा सामन्यात भाग घेणारा खेळाडू त्या क्लबचा किमान तीस दिवसांचा सभासद असला पाहिजे व त्याच वेळी अन्य क्लबचा सभासद असता कामा नये, असे बंधन घातले होते. येथे कसोटी घराची नव्हती, सभासदत्वाची होती. ती फार काळ टिकली नाही. ब्रुकलिनच्या एक्सेल्सिअर क्लबने १८६० मध्ये जिम क्रायटन या पिचरला गुप्तपणे पैसे दिले असे मानले जाते. खेळाडूंनी क्लबांतून क्लबांत फिरत राहण्याचा प्रकार पुढे इतका वाढला, की अशा खेळाडूंना ‘फिरते’ असे टोपणनावच पडले. १८६९ मध्ये सिनसिनॅटीच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ या संघाने आपले सर्व खेळाडू पगारी असल्याचे उघडपणे जाहीर केले. सिनसिनॅटीचे नाव मिरविणाऱ्या त्या नियमित संघात मूळचा सिनसिनॅटीचा रहिवासी एकच होता.

याच राष्ट्रीय संघटनेने डिसेंबर १८६७ मध्ये एकही कृष्णवर्णीय सभासद असलेल्या क्लबास प्रवेश न देण्याचे ठरविले, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात विसरता येत नाही. खेळाडू पात्र आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, तो त्या अधिकाराचा उपयोग केवळ लबाडी रोखण्यासाठीच करतो असे नाही.

व्यावसायिक बेसबॉल वेगळे झाल्यानंतर निवासाचा प्रश्न मुख्यतः ग्रामीण भागातील प्रौढांच्या खेळात उरला. मिनेसोटा राज्यातील ‘टाउन बॉल’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तेथे १९२४ पासून राज्य पातळीवरील हौशी स्पर्धा भरत असून १९५० मध्ये नोंदलेल्या संघांची संख्या ७९९ पर्यंत गेली होती. दोन-तीन हजार वस्तीच्या गावांनी दिवे लावलेली मैदाने बांधली आणि रविवारच्या सामन्यांसाठी बाहेरून पिचर आणून त्यांना पैसे दिले. गावातील व्यापारी वर्गणी काढीत. पण बाहेरच्यांची संख्या वाढू लागली तसा गावातील तरुण बाकावर बसू लागला आणि खर्चही डोईजड झाला. दूरचित्रवाणी आणि मोठ्या शहरांतील व्यावसायिक सामने यांनी प्रेक्षक ओढून घेतले, ते निराळेच. या अनुभवातून मिनेसोटात अंतरावर आधारलेला नियम रूढ झाला : खेळाडूचे घर संघाच्या गावापासून तीस मैलांच्या (सु. ४८ किमी.) त्रिज्येत असावे. मात्र राज्यस्पर्धेपूर्वी बाद झालेल्या शेजारच्या संघांतून मोजके पिचर उसने घेण्याची मुभा ठेवण्यात आली. शेजारगावचा कालचा प्रतिस्पर्धी आज आपल्याकडून चेंडू टाकतो, ही गोष्ट तेथील प्रेक्षकांनी सहजपणे स्वीकारली आहे. नकाशावर रेषा आखण्यापेक्षा कंपासने वर्तुळ काढण्याची ही पद्धत साधी आहे. ती विरळ वस्तीच्या प्रदेशातच चालण्यासारखी आहे, हेही खरे.

हद्दीच्या नियमांची खरी गुंतागुंत मुलांच्या बेसबॉलमध्ये दिसते. पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ या कारकुनी पेशाच्या गृहस्थाने १९३९ मध्ये ‘लिटल लीग’ सुरू केली. प्रारंभी तीनच संघ होते व त्यांना एक दुग्धालय, एक लाकडाची वखार व एक खाद्यपदार्थांचा कारखाना यांचा आश्रय होता. ६ जून १९३९ रोजी झालेल्या पहिल्या सामन्यात लंडी लंबर संघाने लायकमिंग डेअरी संघावर २३–८ अशी मात केली. स्टॉट्झची कल्पना गल्लीतील मुलांना लहान मैदान, लहान बॅट व गणवेश मिळावा एवढीच होती. मुलांना पायी अगर सायकलवरून मैदानावर येता यावे, म्हणून लीगचे क्षेत्र लहान ठेवणे ओघानेच आले. पुढे ही चळवळ पसरली तेव्हा प्रत्येक लीगची हद्द साधारणतः १५,००० लोकवस्तीपुरती असावी, वस्ती अधिक असल्यास दुसरी लीग काढावी, असा दंडक पडला. म्हणजे हद्दीचा मूळ हेतू परक्यांना वगळण्याचा नसून अधिकाधिक मुलांना खेळावयास मिळावे हा होता. मोठ्या क्षेत्रातून निवडक पंधरा मुलांचा एकच संघ काढला, तर उरलेल्या शेकडो मुलांनी करावयाचे काय, हा प्रश्न या दंडकामागे होता.

या हेतूला छेद देणारी गोष्टही स्टॉट्झच्याच काळात घडली. १९४७ मध्ये विल्यम्सपोर्ट येथे विविध लीगांच्या निवडक संघांची स्पर्धा भरविण्यात आली. १९४९ पासून तिला ‘लिटल लीग वर्ल्ड सिरीज’ असे नाव मिळाले. १९४८ मध्ये एका मोठ्या रबर कंपनीचा आश्रय मिळाला, वृत्तपत्रे व पुढे दूरचित्रवाणी आली आणि वस्तीतील खेळाचे रूपांतर राष्ट्रीय अजिंक्यपदात झाले. स्वतः स्टॉट्झला हे पसंत नव्हते. कंपनीच्या प्रतिनिधींशी त्याचे खटके उडाले, प्रकरण १९५५ मध्ये न्यायालयात गेले आणि त्यानंतर तो आपणच काढलेल्या संघटनेतून बाहेर पडला. विजेतेपदाला मोल आले, की हद्दीबाहेरचा उत्तम खेळाडू आणण्याचा मोहही येतो, हा मिनेसोटातील गावांचा अनुभव बारा वर्षांच्या मुलांच्या बाबतीतही खरा ठरला.

या नियमांची अंमलबजावणी अशी होते. प्रत्येक लीग आपला नकाशा रस्ते, नद्या, लोहमार्ग इत्यादींच्या आधारे आखते. शेजारच्या लीगांच्या हद्दी परस्परांवर चढणार नाहीत हे पाहिले जाते आणि वरिष्ठ कार्यालय त्यास वार्षिक सनदेबरोबर मान्यता देते. दहा-वीस लीगांचा एक जिल्हा असतो व त्याचा प्रशासक हा लीगांनी निवडलेला विनावेतन कार्यकर्ता असतो. उन्हाळी स्पर्धेत उतरणाऱ्या निवडक संघाबरोबर एक प्रतिज्ञापत्र असावे लागते. त्यात प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख व पत्ता नमूद करून नकाशावर त्याच्या घराची खूण केलेली असते. पालकांचे वास्तव्य सिद्ध करण्यासाठी कागदपत्रांचे तीन गट केलेले असून प्रत्येक गटातील एक पुरावा सादर करावा लागतो, उदा., वाहन परवाना, कराची पावती, वीज अगर पाण्याचे देयक. घटस्फोटित आईबापांकडे न्यायालयाच्या आदेशाने मुलाचा संयुक्त ताबा असल्यास दोघांपैकी कोणाचेही घर ग्राह्य धरतात. कुटुंबाने घर बदलले किंवा हद्दच बदलली, तरी आधीपासून खेळत असलेल्या मुलास त्याच लीगमध्ये राहता येते व त्याच्या भावंडांनाही ही सवलत मिळू शकते. काही वर्षे लीगची विनामूल्य सेवा केलेल्या कार्यकर्त्यांच्या मुलांसाठीही तरतूद आहे. हे सर्व तपासणारे लोक दिवसभर आपापली नोकरी करून संध्याकाळी मैदानावर येणारे असतात, ही गोष्ट पुढील प्रकरणे समजून घेताना लक्षात ठेवावी लागते.

पात्रतेच्या नियमांचा सर्वांत क्लेशदायक प्रसंग १९५५ मधील आहे. दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन येथे कॅनन स्ट्रीट वाय. एम. सी. ए. या संस्थेने १९५३ मध्ये कृष्णवर्णीय मुलांची चार संघांची लीग काढली व तिला लिटल लीगची रीतसर सनद मिळाली. शहरातील वस्त्या, शाळा व मैदाने वर्णावरून विभागलेली असल्याने लीगही तशाच विभागलेल्या होत्या. एका वर्षी संपूर्ण राज्यात तीच एक कृष्णवर्णीय लीग असताना तिचा निवडक संघ स्पर्धेत उतरला. तेव्हा शहरातील व नंतर राज्यातील श्वेतवर्णीय संघांनी त्याच्याशी खेळण्यास नकार देऊन माघार घेतली. कॅनन स्ट्रीटला एकही चेंडू न खेळता पुढे चाल मिळत गेली व तो राज्याचा विजेता ठरला. आता जॉर्जियातील रोम येथे विभागीय स्पर्धा व्हावयाची होती. विल्यम्सपोर्टच्या कार्यालयाने वर्णभेदास मान्यता देण्यास नकार दिला होता. तथापि प्रत्यक्ष सामना न जिंकता केवळ पुढे चाल मिळालेल्या संघास वरच्या स्पर्धेत खेळता येत नाही, या नियमावर बोट ठेवून याच संघाला रोखण्यात आले. नियम सर्वांना सारखा होता आणि त्याचा फटका मात्र ज्यांनी काहीही केले नव्हते त्यांनाच बसला. मुलांना पाहुणे म्हणून विल्यम्सपोर्टला नेण्यात आले व ती प्रेक्षकांत बसली. त्यांना खेळू द्यावे अशा आरोळ्या त्या वेळी प्रेक्षकांतून उठल्या होत्या. माघार घेतलेल्या लीगांनी दक्षिणेत स्वतःची वेगळी संघटना काढली. १९५५ चे राज्य विजेतेपद कॅनन स्ट्रीट संघाला समारंभपूर्वक मिळाले ते २००२ मध्ये. तोवर मुले साठीच्या घरात पोहोचली होती.

भारतीय वाचकास येथे मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांची आठवण होणे साहजिक आहे. तेथे संघ धर्मावर व जमातीवर आधारलेले होते आणि १९३४ मध्ये सुरू झालेल्या रणजी करंडक स्पर्धेने त्याऐवजी प्रदेशाचे तत्त्व पुढे आणले. १९४६ नंतर पंचरंगी सामने बंद पडले व पुणे, मुंबई आणि नागपूरचे खेळाडू अनुक्रमे महाराष्ट्र, मुंबई व विदर्भ या संघांतून खेळू लागले. प्रदेशाचे तत्त्व जमातीच्या तत्त्वाहून निःपक्षपाती आहे, असा विश्वास त्यामागे होता व तो बहुतांशी योग्यच ठरला. चार्ल्स्टनमध्ये मात्र वस्तीच वर्णाने ठरलेली असल्यामुळे हद्दीचा नियम स्वतः वर्णाविषयी काही न बोलताही वर्णाचीच रेषा आखीत होता.

लिटल लीगचा प्रसार अमेरिकेबाहेर झाल्यावर हद्दीच्या नियमास वेगळेच वळण लागले. १९५७ मध्ये मेक्सिकोतील माँतेरेई येथील संघाने अजिंक्यपद मिळविले व पुढील वर्षी ते राखले. १९६९ पासून तैवानचे पर्व सुरू झाले. त्याची पार्श्वभूमी पाहण्याजोगी आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये तैवानच्या पूर्वेकडील ताइतुंग भागातील हाँग्ये या बुनुन आदिवासी खेड्याच्या शाळकरी संघाने पाहुण्या जपानी संघास ७–० असे हरविले. तो जपानी संघ जगज्जेता असल्याची समजूत पसरली. वस्तुतः त्या वर्षीचा जगज्जेता वाकायामाचा संघ वेगळा होता. पन्नास वर्षे जपानी सत्तेखाली राहिलेल्या बेटावर या विजयाने उत्साहाची लाट उसळली. त्या संघातील अनेक मुले वयाने मोठी असून दुसऱ्यांच्या नावांवर खेळली होती, हे लवकरच उघडकीस आले आणि शाळेच्या चालकांवर १९६९ मध्ये न्यायालयात दोष सिद्ध झाला. तरीही तैवानातील बेसबॉलच्या लोकप्रियतेचा आरंभ याच विजयापासून मानतात आणि हाँग्ये येथे त्याचे स्मारकही आहे.

१९६९ मध्ये विल्यम्सपोर्टला गेलेला ‘सुवर्णनाग’ हा संघ कागदोपत्री ताइचुंग शहराचा होता. प्रत्यक्षात त्यातील मुले बेटाच्या निरनिराळ्या भागांतून निवडलेली होती. सुमारे एक कोटी चाळीस लाख लोकसंख्येच्या प्रदेशातून निवडलेला संघ १५,००० वस्तीच्या लीगांच्या संघांशी खेळत होता, असा याचा अर्थ होतो. हा संघ विजयी झाला व मायदेशी त्याचे स्वागत राष्ट्रवीरांप्रमाणे झाले. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतील जागा गमावल्यानंतर तर हे विजय ही तैवानच्या दृष्टीने जगात आपले नाव घेतले जाण्याची मोजक्यांपैकी एक संधी होती. १९७१ ते १९७४ अशी सलग चार वर्षे अजिंक्यपद तैवानकडे राहिले. १९७३ मध्ये ताइनानच्या संघाने तीन सामन्यांत मिळून ५७ धावा केल्या व एकही दिली नाही. अमेरिकेत नाराजी वाढली. १९७४ च्या अखेरीस संघटनेने परदेशी संघांना विल्यम्सपोर्टच्या अंतिम स्पर्धेतून वगळले व १९७५ ची स्पर्धा केवळ अमेरिकन संघांत झाली. या निर्णयावर अमेरिकेतच टीका झाली आणि १९७६ मध्ये परदेशी संघांना पुन्हा प्रवेश मिळाला. मात्र स्पर्धेची रचना अशी बदलण्यात आली, की अंतिम सामन्यात एक संघ अमेरिकेचाच असावा. पराभव टाळता येत नसेल, तर निदान तो अखेरच्या दिवसापर्यंत लांबवावा, असा हा उपाय होता. १९६९ ते १९९६ या काळात तैवानने एकूण सतरा वेळा अजिंक्यपद मिळविले. हद्दीचे व शाळेच्या पटसंख्येचे नियम काटेकोरपणे लागू करण्याचा आग्रह धरला जाताच १९९७ मध्ये तेथील संघटना लिटल लीगमधून बाहेर पडली व काही वर्षांनी परतली. त्यानंतरचे पहिले अजिंक्यपद तैवानला २०२५ मध्ये मिळाले.

१९९२ मध्ये फिलिपीन्समधील झांबोआंगा शहराच्या संघाने अंतिम सामन्यात कॅलिफोर्नियातील लाँग बीचचा १५–४ असा पराभव केला. आशियातील पूर्व फेऱ्या जिंकून देणाऱ्या मुलांपैकी अनेकांना ऐन वेळी वगळून त्यांच्या जागी देशाच्या अन्य भागांतील मुले घेण्यात आली होती. हा प्रकार प्रथम प्रतिस्पर्ध्यांनी नव्हे, तर मनिलातील वृत्तपत्रांनीच उघडकीस आणला. आठ मुले हद्दीबाहेरची असल्याचे निष्पन्न झाल्यावर सप्टेंबरमध्ये विजेतेपद काढून घेण्यात आले व लाँग बीचला ६–० असे विजयी ठरविण्यात आले. फिलिपीन्समध्ये वार्ताहरांवर राष्ट्रद्रोहाचे आरोप झाले. पण पूर्व फेऱ्या खेळूनही घरी राहिलेल्या झांबोआंगाच्या मुलांची बाजू मांडणारे त्या गदारोळात थोडेच होते. हद्दीचा नियम मोडल्याने खरा अन्याय कोणावर होतो, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते. प्रतिस्पर्ध्याला विजेतेपद परत मिळते, बाजूस सारलेल्या मुलाला काहीही परत मिळत नाही. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील संघाचा पिचर चौदा वर्षांचा असल्याचे आढळून त्या संघाची कामगिरी रद्द झाली. तो प्रश्न वयाचा असल्याने येथे त्याचा केवळ उल्लेख पुरे.

शिकागोच्या दक्षिण भागातील ‘जॅकी रॉबिन्सन वेस्ट’ या लीगचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या लीगचा सर्व खेळाडू कृष्णवर्णीय असलेला संघ ऑगस्ट २०१४ मध्ये लास व्हेगसच्या माउंटन रिज संघास ७–५ असे हरवून अमेरिकेचा विजेता झाला. अंतिम सामन्यात मात्र सोलच्या संघाकडून तो ८–४ असा पराभूत झाला. व्यावसायिक बेसबॉलमधील कृष्णवर्णीय अमेरिकनांचे प्रमाण १९८१ मध्ये सु. १९ टक्के होते, ते या सुमारास ८ टक्क्यांवर आले होते. अशा वेळी या यशाचे अप्रूप वाटणे स्वाभाविक होते. शिकागोत मिरवणूक निघाली व नोव्हेंबरमध्ये मुले व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांना भेटली. दरम्यान शेजारच्या एका लीगच्या पदाधिकाऱ्याने संघातील काही मुले दक्षिणेकडील उपनगरांत राहत असल्याची तक्रार केली. या लीगच्या संघाचा शिकागोच्या मुलांनी त्याच मोसमात ४३–२ असा पराभव केला होता. चौकशीअंती लीगच्या चालकांनी हद्दीचा नकाशा वाढवून दाखविल्याचे व शेजारच्या लीगांची संमती मागाहून मिळविण्याचा प्रयत्न केल्याचे आढळले. ११ फेब्रुवारी २०१५ रोजी संघाचे सर्व विजय रद्द करण्यात आले, प्रशिक्षकास निलंबित व जिल्हा प्रशासकास दूर करण्यात आले आणि अमेरिकेचे विजेतेपद माउंटन रिजला देण्यात आले.

निर्णयावर दोन्ही बाजूंनी बोलले गेले. शिकागोच्या महापौरांनी फेरविचाराची मागणी केली. अपराध प्रौढांचा असताना शिक्षा मुलांना का, हा आक्षेप सर्वसाधारण होता. दुसरीकडे, नकाशात खोटेपणा झाला हे सिद्ध होते व ज्या लीगांनी स्वतःच्या हद्दीतील मुलांनाच घेऊन सामने हरले, त्यांच्याशी नियम मोडणे हा दगा होता. याखेरीज एक मुद्दा मात्र चर्चेत पुरेसा आला नाही. २००० ते २०१० या दशकात शिकागो शहरातील कृष्णवर्णीय लोकसंख्या सु. १,८०,००० ने घटली. सार्वजनिक गृहसंकुले पाडण्यात आली, शाळा आटल्या व अनेक कुटुंबे दक्षिण उपनगरांत गेली. त्यांचे आजी-आजोबा, चर्च व मैदान मात्र जुन्या वस्तीतच राहिले. अशा कुटुंबाचे ‘ठिकाण’ कोणते, याचे उत्तर विजेच्या देयकावरून मिळत असले, तरी ते पूर्ण उत्तर नव्हे. नकाशात फेरफार करणाऱ्यांचा दोष त्यामुळे कमी होत नाही. पण १५,००० वस्तीच्या स्थिर शेजाराची १९३९ मधील कल्पना स्थलांतर करणाऱ्या नागर समाजास कितपत लागू पडते, हा प्रश्न उरतोच. संघटनेने मुलाचे घर किंवा त्याची शाळा यांपैकी एक हद्दीत असले तरी चालेल, अशी सवलत दिली आहे. आईबाप दोघेही नोकरी करीत असलेल्या घरांतील मुलांना शाळेजवळच्या मैदानावर खेळता यावे, हा तिचा हेतू आहे. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने १९२५ पासून चालविलेल्या किशोरांच्या बेसबॉलमध्ये संघ शाळांच्या पटसंख्येवरच आधारलेले असतात.

जपानमध्ये याच्या अगदी उलट परंपरा आहे. तेथील माध्यमिक शाळांची राष्ट्रीय स्पर्धा १९१५ मध्ये सुरू झाली व १९२४ पासून ती ह्योगो प्रांतातील कोशिएन मैदानावर भरते. १९७८ पासून प्रत्येक प्रांताचा एक (होक्काइदो व टोकिओ यांचे दोन) असे एकूण ४९ संघ येतात व लोक आपापल्या प्रांताच्या संघामागे उभे राहतात. तथापि खेळाडू त्याच प्रांतातील असावा अशी अट नाही. तो त्या शाळेचा विद्यार्थी असला म्हणजे पुरे. शाळा बदलणाऱ्या विद्यार्थ्यास सामान्यतः एक वर्ष अधिकृत सामने खेळता येत नाहीत, एवढेच बंधन आहे. परिणामी ओसाका-कोबे परिसरातील कुशल मुले दूरच्या खासगी शाळांत प्रवेश घेतात. यास ‘बेसबॉलसाठी परदेशगमन’ अशा अर्थाचे उपरोधिक नाव आहे. २००७ मध्ये खेळाडूंना शुल्कमाफी देणाऱ्या शाळांची चौकशी झाली, तेव्हा तीनशेहून अधिक शाळांची नावे पुढे आली. पुढे अशा सवलतीच्या विद्यार्थ्यांची संख्या प्रत्येक इयत्तेस पाचपर्यंत मर्यादित ठेवण्याचा संकेत ठरला. या स्पर्धेचा ध्वज प्राचीन शिराकावा नाक्याच्या उत्तरेस, म्हणजे ईशान्य जपानात, कधी गेलेला नाही असे दीर्घकाळ म्हटले जाई. २००४ व २००५ मध्ये होक्काइदोतील तोमाकोमाई येथील शाळेने तो जिंकला, तेव्हा संपूर्ण उत्तरेत जल्लोष झाला. २००५ च्या अंतिम सामन्यात अखेरचा फलंदाज बाद करणारा तनाका मासाहिरो हा त्या शाळेचा पिचर कोशिएन मैदान ज्या प्रांतात आहे, त्याच ह्योगो प्रांतातील इतामी गावचा होता. प्रत्यक्ष ईशान्य जपानातील शाळेस, सेंदाईच्या इकुएईस, हे अजिंक्यपद २०२२ मध्ये मिळाले.